सुभेदारांच्या घरचे उभेकाका

मी एक जुना लोखंडी टेकू आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. "अमक्याने तमक्याला टेकू दिला" असे तुम्ही येता-जाता बोलता, पण खरा टेकू नीट पाहिलेला माणूस लाखात एखादा. इमारत उभी राहिली की तिच्यासमोर फोटो निघतात, पेढ्यांचे पुडे फुटतात, तेव्हा आम्ही टेंपोत आडवे पडून पुढच्या कामाला निघालेले असतो.

माझी घडण अगदी साधी. एका नळीत दुसरी नळी. आतल्या नळीला भोके, भोकात अडकवायला एक खीळ, आणि बाहेरच्या नळीवर आटे पाडलेले एक जाड कडे. ते कडे फिरवले की मी इंच-इंच उंच होतो. डोक्यावर एक चौकोनी पत्रा, पायाखाली तसाच दुसरा. बस्स, एवढाच माझा संसार. कारखान्यातून निघताना अंगावर तांबडा रंग होता आणि आपण फार देखणे आहोत असा गैरसमज होता. पहिल्याच कामावर सिमेंटचा रगडा अंगावर सांडला. रंग गेला, गैरसमजही गेला.

तरुणपणी मी अनेक छते तोलली. ओले छत तान्ह्या बाळासारखे असते. त्याला स्वतःची मान धरता येत नाही. आम्ही भावंडे खाली रांगेने उभी राहायचो, ते घट्ट होईपर्यंत हलायचे नाही. घट्ट झाले की आम्हाला काढून नेत. पहिल्या वेळी ते मनाला फार लागले. इतके दिवस ज्याला डोक्यावर घेतले, त्याने मी निघताना साधे "ये हं" देखील म्हटले नाही.

पण माझे नशीब थोर. पुढे एका प्रार्थनागृहाच्या सज्ज्याखाली मी उभा होतो. काम चालू असतानाच तिथे संध्याकाळी एक बुवा येत आणि गाऊन उपदेश करीत. गोड गळा, हातात झांज, आणि गोष्ट रंगवता रंगवता कोपऱ्यातल्या मुलांनाही हसवायची हातोटी. एकदा त्यांची नजर माझ्याकडे गेली. ते म्हणाले, "बघा, भक्ताने कसं असावं? या टेकूसारखं." आणि मग गाऊ लागले, "भार घ्यावा, ताठ राहावे, काम होता निघोनि जावे." सगळे त्यांच्यामागे म्हणू लागले. मित्रांनो, त्या दिवशी माझ्या आट्याआट्यांत ते पद बसले ते आजतागायत. माझ्यावर गंज चढला, पदावर नाही.

वर्षे गेली. नव्या कामांना नवे, चकचकीत टेकू आले. आमचा मिस्त्री मनाने मऊ. त्याने मला भंगारात घातले नाही, पण आपल्या पत्र्याच्या शेडमागे गवतात टाकून तो विसरून गेला. एका मांजरीने माझ्या आडोशाला पिल्ले घातली. तिथे पडल्या पडल्या मी ते पद मनात म्हणत असे. भार नव्हता. ताठ राहायचे तर आडवा होतो. आणि निघून जायचे तरी कुठून?

आणि एके सकाळी मिस्त्री धावत आला, गवतात हात घालून मला ओढले, माझे कडे तेल घालून फिरवून पाहिले आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून सुभेदारांच्या घरी नेले.

आता हे सुभेदार कोण ते सांगायला हवे. पलटणीतून निवृत्त होऊन त्यांना पुष्कळ वर्षे झाली होती, पण पलटण काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. पाठ अशी सरळ, की मी शेजारी उभा राहिलो तर तुलना व्हावी. घरासमोरच्या मैदानावर ते रोज पहाटे शिट्टी वाजवून गल्लीतल्या पोरासोरांना, थोरांनाही, पळायला लावत. फी नाही, काही नाही. त्यांच्या हाताखाली पळून कितीतरी मुले फौजेत गेली होती. त्यांचा स्वतःचा मुलगाही. तो आता दूरच्या चौकीवर होता. घरात सुभेदार, त्यांची सून आणि नात. नात एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. सुभेदारांची बायको दीर्घ आजाराने वर्षभरापूर्वी गेली होती आणि घरात साठवलेले होते नव्हते ते त्या आजारपणात गेले होते.

गच्चीवरच्या टाकीचा नळ कधीपासून झिरपत होता. पाणी मुकाट्याने छतात मुरले, आतल्या सळया गंजल्या. त्या सकाळी बैठकीच्या खोलीतला गिलाव्याचा एक मोठा पोपडा आरामखुर्चीवर पडला. खुर्चीत कुणी नव्हते ही देवाची कृपा. भिंगरी नुकतीच तिथून उठून दूध प्यायला गेली होती.

मिस्त्रीने वर पाहिले, तुळईला गेलेला तडा बोटाने चाचपला आणि मला तडा गेला त्याच्या बरोबर खाली उभे केले. खीळ अडकवली, कडे फिरवले. भार डोक्यावर आला आणि, खरे सांगतो, इतक्या वर्षांनी जीव भांड्यात पडला. मग तो सुभेदारांना म्हणाला, "साहेब, हा पडू देणार नाही. पण हा म्हणजे मोडक्या हाताला बांधलेली झोळी आहे, हाड जोडणारा नव्हे. बीम नवा करायला लागेल, आणि पावसाळा तोंडावर आलाय. त्याच्या आत."

खर्च किती ते त्याने हळू आवाजात सांगितले. सुभेदारांनी मान हलवली आणि "बघतो" म्हणाले. त्या "बघतो"ची खोली मला पायाखालच्या फरशीतूनही कळली.

माझे तिथले दिवस मात्र मजेत गेले. मी खोलीच्या मधोमध. समोर खिडकी, खिडकीत मैदान. भिंगरीने पहिल्याच दिवशी माझे बारसे केले. मी बसत नाही म्हणून मी उभेकाका. जेवायला बसताना ती मला "या जेवायला" म्हणे, आणि मी येत नाही म्हटल्यावर माझा घास स्वतःच खाई. सूनबाईंनी माझ्या खिळीला छत्री अडकवली. सुभेदार रोज माझा पाय पुसत, कारण "ड्युटीवर असलेल्या माणसाचे बूट स्वच्छ पाहिजेत."

घरात एक नियम होता. मुलाचा फोन आला की काळजीचे काही बोलायचे नाही. सुभेदार म्हणत, तिकडे पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवर घरची वीट ठेवायची नाही. म्हणून त्या रविवारी फोन आला तेव्हा सूनबाई हवापाण्याचे बोलल्या, सुभेदार तब्येतीचे बोलले, आणि मग फोन भिंगरीच्या हातात गेला.

"बाबा, आपल्याकडे उभेकाका आलेत," ती म्हणाली. "ते बसतच नाहीत. झोपतही नाहीत. त्यांनी आपलं छत धरून ठेवलंय."

मुलाने लगेच फोन वडिलांना द्यायला सांगितला. सुभेदार फोन कानाला लावून नुसते "हो, हो" करत राहिले. मुलगा कर्जासाठी अर्ज करणार होता, पण ते पैसे पुरणार नव्हते आणि हातात पडायलाही वेळ लागणार होता. गल्लीत कुणाला तरी विचारा, असे तो अजिजीने सांगत असावा, कारण शेवटी सुभेदार म्हणाले, "बाळा, सगळी कवायत शिकलो, हात पसरायची तेवढी राहिली. आता या वयात ती जमायची नाही."

हे बोलणे तिघांनी ऐकले. मी, सूनबाई, आणि सुभेदारांची विजार दुरुस्त करून परत द्यायला दारात उभी असलेली शिंपीणबाई. शिंपीणबाईंच्या कानात गेलेली गोष्ट पोटात उतरत नसे, थेट गल्लीत उतरे. पण देव अशा माणसांनाही काही कारणाने घडवतो.

दुसऱ्याच दिवशी पोस्टमन एक जाड पाकीट घेऊन आला. त्यावर पत्ता नव्हता, तिकीट नव्हते; आत नुसत्या नोटा. सुभेदारांनी त्याला बसवले, चहा पाजला, साखर पुरेशी आहे ना विचारले, आणि पाकीट त्याच्याच पिशवीत परत ठेवले. पोस्टमन म्हणे, वाटायला निघालेलं टपाल परत नेणं हा नोकरीतला पहिलाच प्रसंग.

आता मित्रांनो, इथे एका डब्याची ओळख करून देतो. सुभेदारांच्या कवायतीला एक रीत होती. शिट्टी वाजल्यावर जो येईल त्याला दंड. एक नाणे. दुसऱ्यांदा उशीर झाला तर दुप्पट. दंडाचा हिरवा पत्र्याचा डबा आधी कोनाड्यात असे. पोपडे पडू लागले तसा सुभेदारांनी तो माझ्या पायाशी आणून ठेवला. कवायत संपली की दोषी माणूस आत येई, मान खाली घालून नाणे टाकी. आणि दर रविवारी सुभेदार सगळ्यांना मैदानात उभे करून विचारत, "हा दंड कुणाचा?" सगळे एका सुरात म्हणत, "ज्याचं घर अडेल त्याचा." सुभेदारांनी त्यातले एक नाणेही कधी स्वतःसाठी हलवले नव्हते. पूर्वी पेपरवाल्याच्या आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला तो डबा उघडला होता. एरवी तो निम्मा रिकामाच, कारण सुभेदारांसमोर उशिरा यायची कुणाची छाती?

पाकीट परत गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी पेपरवाला उशिरा आला. कंपाउंडर उशिरा आला. शाळेतले गणिताचे मास्तर, ज्यांच्या येण्यावर लोक घड्याळे लावत, तेही उशिरा आले. सुभेदारांनी भुवया चढवल्या आणि दंड ठोठावला.

तिसऱ्या दिवशी तर जन्मात कधी न धावलेला बेकरीवाला कवायतीत दाखल झाला, आणि पहिल्याच दिवशी उशिरा. त्याच्यामागून पदर खोचून शिंपीणबाई. त्याही उशिरा. नंतर दोघे धापा टाकत माझ्यापाशी आले. बेकरीवाल्याने डब्यात एक मोठी नोट टाकली.

"एक नाणं म्हटलं होतं मी," सुभेदार म्हणाले.

"सुटे नाहीत, साहेब. राहू द्या. पुढचेही धरा त्यात."

"म्हणजे उद्याही उशीर करणार?"

"अवघड आहे, साहेब. झोप फार आहे मला."

दारात मास्तर खोकला आल्यासारखे करून हसू दाबत होते. सुभेदारांनी संतापून दंड दुप्पट केला. दुसऱ्या दिवशी गर्दीही दुप्पट झाली. चौपट केला, तर लोक म्हणाले, साहेब, शिस्त म्हणजे शिस्त. डबा इतका भरला की झाकण लागेना. सूनबाईंनी त्याच्या शेजारी पिठाचा रिकामा डबा आणून ठेवला, तेव्हा सुभेदार नुसते बघत राहिले.

मी वरून सगळे पाहत होतो आणि मनात हसत होतो. पण, मित्रांनो, चांगल्या कामालाही एक कोपरा टोचरा असतो. एके सकाळी सुभेदारांनी शिट्टी वाजवली आणि मैदानात भिंगरीशिवाय कुणीच नव्हते. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. मग लोक हळूहळू आले, पळाले, डब्यात पैसे टाकून गेले. सुभेदार आत आले, जमिनीवर बसले आणि त्यांनी पाठ मला टेकवली. जी पाठ कधी खुर्चीलाही टेकलेली मी पाहिली नव्हती, ती माझ्या गंजक्या नळीला टेकली होती. छताचा भार मला कळतो, किती आहे ते सांगता येते. त्या पाठीचा सांगता येणार नाही.

सूनबाई चहा घेऊन आल्या. सुभेदार म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून कवायत बंद. माझ्या शिट्टीत दम राहिला नाही. लोकांना माझा धाक नाही, आणि धाक नसला तरी चालेल, पण मानही नाही."

सूनबाईंनी चहा खाली ठेवला. इतके दिवस त्या गप्प होत्या. मदत हवी होती आणि सासऱ्यांची मान खाली जायला नको होती, या दोन्हींच्या मधे त्या माझ्यासारख्याच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही पुढच्या दारातून बघता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. बेकरीच्या भिंतीमागे हे सगळे तुमच्या शिट्टीच्या किती आधी येऊन उभे असतात, माहीत आहे? रांगेत. शिट्टी वाजली की मास्तर हातातलं घड्याळ बघतात, थोडं थांबतात, आणि मग सगळे निघतात. बाबा, उशीर करायला एकही माणूस उशिरा आलेला नाही."

सुभेदारांनी चहा घेतला नाही. तो गार होऊन त्यावर साय धरली. त्यांनी एवढेच विचारले, "रांग सरळ असते का?"

"अगदी सरळ," सूनबाई म्हणाल्या. "बेकरीवाले पोटामुळे थोडे पुढे येतात, तेवढंच."

दुसऱ्या दिवशी पहाटे सुभेदार मागच्या दाराने बाहेर पडले, आणि त्यांच्या मागोमाग भिंगरी. पुढचे मी पाहिले नाही, पण भिंगरीने ते मला इतक्या वेळा करून दाखवले आहे की पाहिल्यासारखेच आहे. बेकरीच्या भिंतीमागे रांग होती. सुभेदार गुपचूप जाऊन तिच्या शेवटी उभे राहिले. शिट्टीची वेळ झाली. शिट्टी नाही. मास्तरांनी घड्याळ कानाला लावले. शिंपीणबाई म्हणाल्या, साहेबांचं काही दुखत-खुपत तर नसेल ना. आणि कंपाउंडर मागे वळला. वळला तो पुतळाच झाला. एकामागून एक सगळी रांग वळली.

सुभेदार म्हणाले, "आज मीही उशिरा आलोय. दंड भरायला चला."

सगळे माझ्या खोलीत आले. मावेनात, तर काही दारात, काही खिडकीबाहेर उभे राहिले. सुभेदारांनी खिशातून एक नाणे काढले आणि डब्यावरच्या ढिगावर ठेवले. मग सरळ उभे राहिले आणि रोजच्या कवायतीच्या आवाजात विचारले, "हा दंड कुणाचा?"

"ज्याचं घर अडेल त्याचा."

"कुणाचं घर अडलंय?"

बोलायचे कुणी, हे सगळ्यांना ठाऊक होते. बेकरीवाला छताकडे बघू लागला, शिंपीणबाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. भिंगरी तोंड उघडणार तोच सूनबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"माझं," सुभेदार म्हणाले. "माझं घर अडलंय."

मित्रांनो, छत केसभरही हलले नव्हते. मी शपथेवर सांगतो. तरी त्या क्षणी माझ्यावरचा भार हलका झाला.

पुढचे सगळे धामधुमीचे. डब्यातले आणि मुलाच्या कर्जाचे मिळून काम भागले. मिस्त्रीने आपल्या मजुरीचा मोठा हिस्सा घेतलाच नाही. म्हणाला, शाळेत असताना मी कवायतीला रोज उशिरा यायचो साहेब, आणि तुमची नजर चुकवून दंड बुडवायचो; तो आता व्याजासकट वळता करून घ्या. वाळू वाहायला अख्खी कवायत आली. सुभेदारांच्या शिट्टीवर घमेली या हातातून त्या हातात जात होती, आणि बेकरीवाला दर दहा घमेल्यांनंतर "साहेब, विश्रांती" म्हणून ओरडत होता. नळ बदलला, गंजलेल्या सळया काढल्या, नवी तुळई झाली. माझ्या मदतीला माझी धाकटी भावंडे आली होती. ती नवी, जरा मिजासखोर. पण भिंगरीने त्यांना काका म्हटले नाही, नुसते "ते दुसरे" म्हटले.

तुळई पक्की झाली आणि माझी निघायची वेळ आली. मिस्त्रीने कडे उलटे फिरवले. मी थोडा खाली आलो. सगळ्यांनी वर पाहिले. छत आपल्या पायांवर उभे होते. भिंगरीला रडू आले. ती म्हणाली, काकांना राहू द्या ना. सुभेदारांनी तिला उचलून घेतले आणि सांगितले की पहारेकऱ्याला कायम कुणी उभं करत नाही. त्याला मोकळं केलं म्हणजेच घर सुरक्षित आहे. मग त्यांनी मला भिंतीशी उभे केले, दोन पावले मागे गेले आणि मला सलाम केला. कुणी हसले नाही. माझे बुवा तिथे असते तर त्यांनी झांज वाजवली असती.

आता पुन्हा मूळ पदावर येतो आणि तुमचा निरोप घेतो. मित्रांनो, छताखालच्या भिंतीवर ओल दिसली तर तिच्यावर कॅलेंडर लटकवू नका; नळ लगेच पाहा. जुन्या अवजाराला वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या, ते कधी कुणाच्या डोक्यावरचे छत धरील सांगता येत नाही. आणि ज्या घरातले माणूस तुमच्यासाठी लांब कुठेतरी पहाऱ्यावर उभे आहे, त्या घराचे दार अधूनमधून वाजवत जा. तिथले लोक "सगळं छान आहे" म्हणतील. ते ऐकून घ्या, आणि एकदा छताकडेही बघा. टेकू द्याल तेव्हा मात्र असा द्या, की घेणाऱ्याला वाकावे लागू नये.

परवा मिस्त्री मला दुसऱ्या एका कामावर नेत होता. वाटेत सुभेदारांकडे थांबला, कारण मुलगा सुट्टीवर आला होता. मिस्त्रीने मला दारात टेकवून ठेवले. मला आतले सगळे दिसत होते. खोलीच्या मधोमध, फरशीवर, माझ्या पायाचा चौकोनी डाग अजून आहे. तो घासून काढायचे राहिले की काढलाच नाही, देव जाणे. सूनबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि त्या डागाला वळसा घालून पुढे गेल्या. सुभेदार उठले, तेही अंग चोरून बाजूने गेले. भिंगरी धावत आली, भिंगरीच ती, पण तिथे आल्यावर गिरकी घेऊन वळली.

जवान त्यांच्याकडे बघत राहिला. मग पाणी प्यायला उठला आणि, कुणी काही न सांगता, तोही वळसा घालून गेला.